पहिला मुक्काम

पाठपरिचय : एका शिक्षकाने मोटारसायकलवरून एकट्याने केलेल्या पहिल्या प्रवासाचे व नदीकाठच्या मुक्कामाचे वर्णन या पाठात आहे. हा प्रवास दूरदेशीचा नाही, आपल्याच जालना जिल्ह्यातला आहे. अंदाज करणे आणि खात्री करून घेणे यांत काय फरक आहे, हे लेखकाने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.

इतिहासाचा तास चालू होता. मी नववीच्या वर्गाला असईच्या लढाईची माहिती सांगत होतो. ही लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांचे सैन्य होते. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. मराठ्यांचे सैन्य केळणा नदीच्या उत्तर काठावर होते. वेलस्ली दक्षिण काठावर येऊन पोहोचला. आता नदी ओलांडायची कोठून?

"वाटाड्यांनी सांगितले, जवळपास नदीला उतार नाही," मी म्हणालो. "उतार म्हणजे जेथे पाणी कमी असते आणि माणसे पायी पलीकडे जाऊ शकतात अशी जागा. पण वेलस्लीने समोर निरखून पाहिले. नदीच्या अलीकडे एक गाव होते आणि पलीकडे, अगदी समोर, दुसरे गाव होते. त्याने विचार केला, की दोन गावे अशी समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. त्याचा अंदाज खरा ठरला. तेथे उतार सापडला."

मुले खूश झाली. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याने विचारले, "सर, असई तर आपल्याच जिल्ह्यात आहे. तुम्ही तो उतार पाहिला आहे का?"

मी गप्प झालो. मी जालन्यातच लहानाचा मोठा झालो. वीस वर्षांपूर्वी हा धडा शिकलो आणि आता तोच शिकवत होतो. पण असई मी पाहिली नव्हती. मी खरे उत्तर दिले, "नाही." वर्ग हसला नाही, पण मला मात्र ओशाळल्यासारखे झाले. त्याच दिवशी मी ठरवले, की असईला जायचे आणि एकट्यानेच जायचे.

एकट्याने जाण्याचे माझे एक कारण होते. मोटारसायकल चालवायला मी फार उशिरा शिकलो. लायसन मिळून जेमतेम तीन महिने झाले होते. गाडीही जुनी, शंभर सीसीची. घर ते शाळा आणि शाळा ते बाजार एवढाच तिचा आणि माझा प्रवास. सहलीला शंभर मुले नेण्याची मला सवय होती, पण एकट्याने रात्र बाहेर काढण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. ती भीती एकदा मोडावी, असे मनात होते.

अब्बांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "किती लांब आहे?"

"भोकरदनपर्यंत साठएक किलोमीटर आणि पुढे थोडे. सत्तरएक होतील."

"म्हणजे अठ्ठेचाळीस मैलांच्या आत. मग तू मुसाफिर कसला? नमाज पूर्णच पढावी लागेल," असे म्हणून अब्बा हसले. अम्मी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे खजूर बांधून दिले आणि म्हणाल्या, "रात्री पाण्याच्या जवळ झोपू नकोस, बेटा." मी "हो" म्हणालो, पण ते शब्द मनावर घेतले नाहीत.

सप्टेंबर महिन्यातला शनिवार होता. सकाळची शाळा सुटली. शाळेच्या स्काउट पथकाचा एक लहान तंबू मी मागून घेतला होता. त्याच्याबरोबर ताडपत्री, चादर, बॅटरी, दोरी, पाण्याची बाटली, पाना, पक्कड आणि पंक्चर काढण्याचे सामान घेतले. टायरमधली हवा तपासली. चेनला तेल घातले. ब्रेक पाहिले. सगळे सामान गाडीला बांधले आणि बिस्मिल्ला म्हणून निघालो.

जालना शहर मागे पडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुलली होती. सोयाबीन पिवळे पडू लागले होते. मन आनंदले, पण गाडी काही सरळ चालेना. वळणावर ती सारखी डावीकडे ओढली जाई. राजूरला पोहोचेपर्यंत माझे हात भरून आले. राजूर हे गणपतीचे प्रसिद्ध स्थान आहे. तेथे रस्त्याच्या कडेला पंक्चरच्या दुकानाशी मी थांबलो.

दुकानदाराने गाडीकडे एक नजर टाकली आणि तो म्हणाला, "सर, सगळं वजन एका अंगाला बांधलंय तुम्ही. गाडी ओढणारच की!"

त्याने मला सगळे सामान उतरवायला लावले. जड वस्तू खाली आणि मध्यभागाच्या जवळ, हलक्या वस्तू वर, दोन्ही बाजूंना वजन सारखे. दोरीचे एकही टोक लोंबकळू द्यायचे नाही, कारण ते चेनमध्ये अडकले तर चाक जागच्या जागी थांबते. कापड सायलेन्सरला टेकू द्यायचे नाही, कारण ते जळते. ओझे असताना गाडी थांबायला जास्त अंतर लागते, म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू आणि लवकर दाबायचे. पाच मिनिटांत त्याने मला जे शिकवले, ते मी तीन महिन्यांत शिकलो नव्हतो. मी पैसे देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत. "हवा भरली असती तर घेतले असते," तो म्हणाला.

आता गाडी शहाण्यासारखी चालू लागली. भोकरदनला चहा घेतला. भोकरदन फार जुने गाव आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. येथील उत्खननात सातवाहन काळातील वस्तू सापडल्या आहेत. येथून पुढे मी मुख्य रस्ता सोडला. वेलस्ली ज्या काठाने आला, त्या दक्षिण काठाने मला जायचे होते.

आडरस्त्यावर माझी परीक्षा सुरू झाली. दुपारी एक सर येऊन गेली होती. आपल्या मराठवाड्यातली काळी माती कोरडी असताना दगडासारखी असते, पण ओली झाली की डिंकासारखी चिकटते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल भरत गेला आणि शेवटी चाक फिरेनासे झाले. मी खाली उतरलो. काठीने चिखल काढला, पुन्हा चार पावले गेलो, पुन्हा काढला. असे चार-पाच वेळा झाले. दिवस मावळायला आला तेव्हा मी केळणेच्या काठी पोहोचलो.

समोर फरशी पूल होता. फरशी पूल म्हणजे नदीच्या पात्रालगत बांधलेला ठेंगणा पूल. त्याला कठडे नव्हते. पुलावरून गढूळ पाणी वाहत होते. पलीकडे एका गावातली घरे दिसत होती. मोबाइलवरचा नकाशा सांगत होता, सरळ जा.

मी अंदाज केला, पाणी फार तर गुडघ्याएवढे असेल. अलीकडे गाव, पलीकडे गाव, मध्ये वाट. दोनशे वर्षांपूर्वी याच नदीतून पायदळ आणि तोफा गेल्या होत्या. मग मला जायला काय हरकत आहे? मी गाडीला किक मारली आणि पहिला गिअर टाकला.

"ओ दादा! थांबा! थांबा जरा!"

शेताच्या बांधावरून एक म्हातारे शेतकरी हात हलवत येत होते. जवळ येऊन त्यांनी विचारले, "कुठले तुम्ही?"

"जालन्याचा. शाळेत शिक्षक आहे. पलीकडे असईला जायचे आहे, बाबा."

"गुरुजी, पाणी पाहिलं का?"

"गुडघ्याएवढे असेल."

बाबांनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी बांधावरचे एक जाड लाकूड उचलले आणि पुलावरच्या पाण्यात टाकले. लाकूड क्षणभरही थांबले नाही. ते पुलावरून खाली गेले, भोवऱ्यात बुडाले आणि बरेच पुढे वर आले.

"वर डोंगराकडं पाऊस झालाय," बाबा म्हणाले. "पाणी किती आहे हे बघू नये, कसं वाहतंय ते बघावं. आणि ते चढतंय का उतरतंय ते बघावं. आज इकडंच मुक्काम करा."

माझे पाय थरथरू लागले. मी गाडी बंद केली. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले तेव्हा आठवले. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघ्याएवढे वेगवान पाणी माणसाचे पाय उचलते आणि मोटारसायकल आडवी करते. शिवाय इंजिन हवा ओढते, तेथून पाणी आत शिरले की गाडी मध्येच बंद पडते. हे सारे मला ठाऊक होते. तरीही मी गाडी पाण्यात घालायला निघालो होतो. ठाऊक असणे वेगळे आणि वेळेवर आठवणे वेगळे.

मुक्काम करायचा तर तंबू कोठे ठोकावा? नदीकाठी वाळूची एक सपाट, स्वच्छ जागा होती. दगड नाहीत, चिखल नाही. मी तिकडे बोट दाखवले. बाबांनी मान हलवली.

"ती जागा नदीची आहे, गुरुजी. रात्री ती मागायला येईल. माझ्या शेतात वर या."

मी त्यांच्या शेताच्या उंच कडेला तंबू ठोकला. एकटे झाड टाळले, कारण विजेचे भय असते. तंबूचे तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला केले. आजूबाजूचे गवत काठीने आपटून पाहिले, कारण पावसाळ्यात साप-विंचू कोरड्या जागेकडे येतात. बाबांनी आणखी एक गोष्ट शिकवली. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि म्हणाले, "मधून मधून बॅटरीनं बघत जा. पाणी काठीच्या वर गेलं तर चढतंय, खाली राहिलं तर उतरतंय."

विहिरीवर हातपाय धुऊन मी मगरिबची नमाज पढलो. बाबा थोड्या अंतरावर शांत बसून होते. मग त्यांनी आखाड्यावरून कोरड्या तुराट्या आणल्या. तीन दगडांची चूल मांडून आम्ही चहा केला. त्यांच्या घरून पिठले आले. माझ्याजवळची भाकरी आणि खजूर मी पुढे केले. जेवण झाले. "काही लागलं तर हाक मारा," असे म्हणून बाबा घरी गेले.

आता मी खरोखर एकटा होतो. मोबाइलला रेंज नव्हती. चारी बाजूंना अंधार आणि खाली नदीचा आवाज. एखादे पान हलले तरी छाती धडधडे. तासभर असा गेला. मग हळूहळू आवाज ओळखू येऊ लागले. हा बेडकांचा, हा रातकिड्यांचा, तो दूरच्या कुत्र्याचा. ज्या आवाजाची ओळख पटली, त्याची भीती संपली.

विद्यार्थी मित्रांनो, त्या रात्री मला आणखी एक मौज कळली. बाबा 'मुक्काम' म्हणाले होते. मराठीत आपण 'मजल दरमजल करीत' असे म्हणतो. 'मुक्काम' म्हणजे तुमच्या उर्दूतला 'मक़ाम' आणि 'मजल' म्हणजे 'मंज़िल'. 'तंबू' हा शब्दही फारसीतून मराठीत आला. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या ज्या भूमीवर लढाई झाली, तिला आपण 'दुआब' म्हणू, म्हणजे दोन पाण्यांमधला प्रदेश. हे शब्दही एकेकाळी प्रवासी होते. ते मराठीच्या अंगणात मुक्कामाला आले आणि घरचेच झाले.

रात्री दोनदा उठून मी काठी पाहिली. पहिल्यांदा ती अर्धी बुडाली होती. दुसऱ्यांदा ती दिसलीच नाही. पाणी चढत होते. मला अम्मींचे शब्द आठवले. त्यानंतर झोप लागली नाही.

पहाटे पाणी ओसरू लागले. उजाडल्यावर मी खाली गेलो. काल जी वाळूची सपाट जागा मला आवडली होती, तिच्यावर गाळाचा थर पसरला होता. काटक्या, पालापाचोळा आणि एक अख्खे झुडूप तेथे अडकले होते. मी तंबू तेथे ठोकला असता तर? मी बराच वेळ तेथे उभा राहिलो. मग वर येऊन बाबांचे हात हातात धरले. मला बोलता येईना. बाबाच म्हणाले, "चहा घ्या, गुरुजी. पूल अजून दोन तासांनी मोकळा होईल."

दोन तासांनी पूल मोकळा झाला. बाबा स्वतः पुढे चालत गेले, फरशी कोठे उखडली आहे का ते पाहिले आणि मग मला खूण केली. मी हळूहळू पलीकडे गेलो.

असईच्या शिवारात पोहोचलो तेव्हा सकाळचे ऊन पडले होते. जेथे तोफा धडाडल्या, तेथे आज मका आणि कपाशी डोलत होती. त्या एका दिवसात इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार व जखमी झाले. मराठ्यांची हानी त्याहून मोठी होती. त्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. वेलस्लीचा एक घोडा त्याच्याखाली मारला गेला, दुसरा भाल्याने जखमी झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. इतिहासात त्याचे नाव राहिले. पण त्याच्या सैन्यातले बहुतेक शिपाई याच देशातले होते आणि समोर लढणारेही याच देशातले होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मी त्या सर्वांसाठी हात उचलून दुआ केली.

सोमवारी वर्गात गेलो. त्याच मुलाने विचारले, "सर, उतार पाहिला?"

"पाहिला," मी म्हणालो, "आणि मी तुम्हाला धडा अर्धाच शिकवला होता, हेही कळले. वेलस्लीने दोन गावे पाहून अंदाज केला, एवढेच मी सांगितले. पण अंदाज केल्यावर त्याने लगेच सैन्य पाण्यात घातले नाही. आधी एका अधिकाऱ्याला पुढे पाठवून तेथे खरोखरच उतार आहे, याची खात्री करून घेतली. मग सैन्य नेले. मी फक्त अंदाज केला आणि गाडी पाण्यात घालायला निघालो. त्या वेळी एका शेतकऱ्याने हाक मारली, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे."

वर्ग शांत झाला. थोड्या वेळाने तो मुलगा म्हणाला, "म्हणजे सर, तुम्ही एकटे गेलाच नाहीत. तुमच्याबरोबर पंक्चरवाले होते, ते बाबा होते."

मुलाचे म्हणणे बरोबर होते. मी ते कबूल केले. एकट्याने निघालेल्या माणसाला वाट विचारावी लागते. जो विचारतो, त्याला माणसे भेटतात.

शब्दार्थ

वाटाड्या – वाट दाखवणारा माणूस
उतार – नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा
ओशाळणे – लाज वाटणे, खजील होणे
आडरस्ता – मुख्य रस्ता सोडून जाणारा लहान रस्ता
गढूळ – माती मिसळलेले, स्वच्छ नसलेले
तुराट्या – तुरीच्या झाडाच्या वाळलेल्या काड्या
आखाडा – शेतातील राहण्याची व गुरे बांधण्याची जागा
शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन
ओसरणे – (पाणी) कमी होणे

वाक्प्रचार

हात भरून येणे – हात दुखू लागणे
मनावर घेणे – महत्त्वाचे मानणे
छाती धडधडणे – फार भीती वाटणे
मजल दरमजल करणे – टप्प्याटप्प्याने प्रवास करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) असईची लढाई कधी झाली?
(आ) राजूरपर्यंत लेखकाची गाडी डावीकडे का ओढली जात होती?
(इ) भोकरदनचे प्राचीन नाव काय?
(ई) बाबांनी पाण्याच्या कडेला काठी का रोवली?

प्र. २. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(चौपट, नदीची, फरशी, दुआब)
(अ) समोर ______ पूल होता.
(आ) "ती जागा ______ आहे, गुरुजी."
(इ) पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर ______ होतो.
(ई) दोन पाण्यांमधल्या प्रदेशाला ______ म्हणतात.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोटारसायकलवर सामान बांधताना कोणती काळजी घ्यावी?
(आ) तंबू ठोकण्यासाठी लेखकाने जागा कशी निवडली?
(इ) 'मी तुम्हाला धडा अर्धाच शिकवला होता,' असे लेखक का म्हणतो?

प्र. ४. कोण, कोणाला म्हणाले?
(अ) "मग तू मुसाफिर कसला?"
(आ) "पाणी किती आहे हे बघू नये, कसं वाहतंय ते बघावं."
(इ) "म्हणजे सर, तुम्ही एकटे गेलाच नाहीत."

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. पुढील वाक्यांचा काळ ओळखा.
(अ) मी गाडी बंद केली.
(आ) पूल अजून दोन तासांनी मोकळा होईल.
(इ) इंजिन हवा ओढते.

उपक्रम : (१) उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेल्या दहा शब्दांची यादी करा. त्यांचा उच्चार व अर्थ यांत फरक आहे का, ते वर्गात सांगा.
(२) आपल्या गावाजवळच्या नदीला किंवा ओढ्याला उतार कोठे आहे आणि पुराच्या वेळी पाणी कोठपर्यंत येते, हे गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून आठ-दहा ओळी लिहा.